खलनायक कोण ठरवतो?

विरार स्थानकातून पश्चिमेला समुद्राच्या रोखाने निघाले की काही किलोमीटरांवर अर्नाळा लागते. किनाऱ्यावर कोळीवाडा आणि समोरच्या बेटावर जुना जलदुर्ग आहे. मराठी वाचकांच्या किमान दोन पिढ्यांना हे नाव परिचयाचे झाले ते मात्र एका लेखकामुळे. चंद्रकांत सखाराम चव्हाण या गृहस्थांनी बाबूराव अर्नाळकर या नावाने एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रे गिरणगावच्या चाळींपासून तालुक्याच्या वाचनालयापर्यंत सर्वत्र वावरत होती. १९९६ साली ते निवर्तले. त्यांच्या या कामगिरीला ‘विक्रम’ म्हणण्याची रीत पडली आहे. तिचा हिशेब मांडण्याची रीत मात्र पडलेली नाही. लेखनकाळ चाळीस वर्षांचा धरला, तरी हजार पुस्तके म्हणजे वर्षाला पंचवीस आणि महिन्याला दोन पडतात. दर पंधरवड्याला एक कादंबरिका लिहिणाऱ्या लेखकाच्या आयुष्यात ‘प्रकाशनापूर्वीचे दिवस’ असा काही वेगळा काळ संभवतच नाही. एक पुस्तक छापखान्यात असताना दुसरे मेजावर आणि तिसरे डोक्यात असणार. गुरुनाथ नाईक यांचे २०२२ साली निधन झाले. त्यांच्याही पुस्तकांची संख्या हजाराच्या पुढे गेली होती. हा वेग प्रतिभेचा आहे यात शंका नाही. परंतु ज्या व्यवसायात एका पुस्तकावर लेखकाचे घर वर्षभर चालू शकत नाही, त्या व्यवसायाचाही तो वेग आहे, हे समाजवादी विचाराच्या माणसाने तरी विसरता कामा नये.

मराठीतील प्रतिष्ठित समीक्षेने या लेखकांची बोळवण एका वाक्यात केली: हे वाङ्मय नव्हे, रेल्वे स्थानकावरचा माल आहे. या तुच्छतेचा वाङ्मयीन भाग समीक्षकांनी आपसात पाहून घ्यावा. तिचा आर्थिक भाग अधिक गंभीर आहे. एखाद्याचे काम ‘माल’ ठरवले की ते करणाऱ्याला कलावंताचा मान देण्याचे कारण उरत नाही. आणि त्याला ‘लेखक’ ठरवले की कामगाराचा हक्क देण्याचे कारण उरत नाही. रहस्यकथाकाराच्या वाट्याला या दोन्ही नकारांचे फळ एकदमच आले. कार्ल मार्क्सने ‘अतिरिक्त मूल्याचे सिद्धांत’ या ग्रंथाच्या टिपणांत हा प्रश्न फार पूर्वी उलगडून ठेवला आहे. मिल्टनने ‘पॅरॅडाइज लॉस्ट’ पाच पौंडांना विकले. ते त्याने रेशमाचा किडा रेशीम विणतो तसे स्वभावधर्माने निर्माण केले होते. याउलट लाइपझिगमधील जो लेखक प्रकाशकाच्या सूचनेबरहुकूम पुस्तके पाडतो, त्याचे श्रम आरंभापासूनच भांडवलाच्या ताब्यात असतात, आणि म्हणून तो कामगारच होय. मराठी रहस्यकथाकार या दुसऱ्या वर्गात मोडतो. त्याचा प्रश्न अभिरुचीचा नसून मजुरीचा आहे.

लेखकाच्या घड्याळावर भांडवलाचा ताबा कसा बसतो याचे जगाच्या वाङ्मयातील प्रसिद्ध उदाहरण दस्तयेवस्कीचे आहे. कर्जाने पिचलेल्या या लेखकाने १८६५ साली स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी करार केला. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी हाती न आल्यास पुढील नऊ वर्षे त्याचे सर्व लेखन विनामोबदला छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. ऑक्टोबर उजाडला तरी कादंबरीची एक ओळही झाली नव्हती. कारण ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी त्याच वर्षी मासिकातून क्रमशः येत होती. अखेर लघुलेखन जाणणारी एक तरुणी मदतीला घेऊन त्याने सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ सांगून पुरी केली. ती देण्याच्या दिवशी प्रकाशक जागेवर नव्हता, तेव्हा हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा करून लेखकाने पावती घेतली. मराठी लेखकाने या कथेतून एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. त्या कराराच्या कागदाने लेखकाला फासात अडकवले हे खरे, पण तो कागद लेखी होता, म्हणून त्यातून सुटण्याची तारीखही ठरलेली होती. मराठी लेखकाच्या हाती पुष्कळदा तेवढाही कागद नसतो.

आता वर्तमानाकडे वळावे. विरारच्या किंवा नालासोपाऱ्याच्या दोन खोल्यांत राहणारा एखादा रहस्यकथाकार डोळ्यांसमोर आणावा. तो कोणी एक माणूस नाही. अनेकांच्या अनुभवातून उभे राहणारे ते चित्र आहे. चर्चगेट ते विरार हे साठ किलोमीटरांचे अंतर तो रोज दोनदा तुडवतो आणि रात्री जेवणानंतर लिहायला बसतो. त्याचे पुस्तक सहा आठवड्यांनी प्रसिद्ध व्हायचे आहे. पहिल्या आठवड्यात मुद्रिते येतात. ती तपासण्याचे काम पूर्वी प्रकाशनसंस्थेतील पगारी माणसे करीत. आता लेखक करतो, लोकलच्या डब्यात उभ्याउभ्या. दुसऱ्या आठवड्यात मुखपृष्ठाची चित्रे येतात आणि विक्रीला उठाव यावा म्हणून शीर्षक बदलण्याचा आग्रह होतो. तिसऱ्या आठवड्यात पुस्तकाच्या शंभर प्रती लेखकाने सवलतीत विकत घ्याव्यात असे सुचवले जाते. ते सांगणे विनंतीच्या भाषेत असते आणि अटीच्या स्वरात असते. चौथ्या आठवड्यात सभागृहाचे भाडे, शाल, श्रीफळ, चहापान यांची जुळवाजुळव सुरू होते. पाचव्यात निमंत्रणे, दूरध्वनी, व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरवायच्या जाहिराती. सहाव्यात परीक्षण येईल की नाही याची विवंचना. या सहा आठवड्यांत त्याने मुद्रितशोधकाचे, जाहिरातदाराचे, वितरकाचे आणि मंडपवाल्याचे काम केलेले असते. यांपैकी एकाही कामाची मजुरी कोणी देत नाही. उलट मजुरीच त्याच्याकडून घेतली जाते.

उदाहरणादाखल आकडे मांडून पाहू. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची, मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर लेखकाला १५,००० रुपये मिळतील, आणि तेही वर्षअखेरच्या हिशेबात. कादंबरी लिहायला आठ महिने, रोज दोन तास, म्हणजे सुमारे ४८० तास लागले असे धरले, तर तासाला एकतीस रुपये आणि आठ तासांच्या दिवसाला २५० रुपये पडतात. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. दुष्काळात खडी फोडणाऱ्याला जेवढे देणे या राज्याने आपले किमान कर्तव्य मानले, त्याहून कमी दाम कादंबरीकाराच्या श्रमाला पडते. आता शंभर प्रतींची खरेदी धरा. तीस टक्के सवलतीने त्यांचे २१,००० रुपये लेखकाने आधीच मोजलेले असतात. वर्षभराने मिळेल न मिळेल अशा मानधनाहून ही रक्कम सहा हजारांनी अधिक आहे. पुस्तक बाजारात जाण्यापूर्वीच प्रकाशनाच्या खर्चाचा भार लेखकाने उचललेला असतो आणि तरीही भांडवल गुंतवणारा म्हणून नाव दुसऱ्याचेच लागते.

येथे मराठी प्रकाशकाला दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. लहान प्रकाशकही कागदाच्या भावात, विक्रेत्याच्या उधारीत आणि परत आलेल्या गठ्ठ्यांत सापडलेला असतो. पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, हे सरकार अभिमानाने सांगते. परंतु कागदावर तो आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे कागदावर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. तेव्हा प्रश्न व्यक्तींच्या स्वभावाचा नसून जोखमीच्या वाटणीचा आहे. नफ्याचे समर्थन करताना भांडवलदारी अर्थशास्त्र सांगत आले की नफा हे जोखमीचे बक्षीस आहे. ग्रंथव्यवहारात ही जोखीम एकेक पायरी खाली ढकलली जात आहे. विक्रेता ती वितरकावर टाकतो, वितरक प्रकाशकावर, प्रकाशक लेखकावर. आणि लेखकाच्या खाली कोणीच नसल्यामुळे ती त्याच्या घरखर्चावर येऊन थांबते. ज्याच्याजवळ सर्वांत कमी भांडवल त्याने सर्वांत मोठी जोखीम घ्यावी, असा हा व्यवहार आहे. ‘स्वयंप्रकाशनाने लेखक स्वतंत्र झाला’ असे म्हणणाऱ्यांनी हे स्वातंत्र्य कोणाच्या भविष्यनिर्वाह निधीतून विकत घेतले गेले याचीही चौकशी करावी.

तथापि, केवळ लेखकाचे पैसे बुडतात एवढेच दुःख असते, तर ते अनेक दुःखांतील एक मानून पुढे जाता आले असते. खरी हानी वाचकाची होते, आणि ती वसई-विरारसारख्या ठिकाणी लख्ख दिसते. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतून उठलेली असंख्य कामगार कुटुंबे या पट्ट्यात आली. २००९ साली येथे महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. घर या एका शब्दाभोवती येथे केवढा गुन्हा उभा राहिला ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, बनावट कागदपत्रांवर त्यांतील घरे विकली गेल्याचे आरोप झाले, आणि न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडण्यात आल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे उघड्यावर आली. त्याच वर्षी २६ ऑगस्टच्या मध्यरात्री विरार पूर्वेला एक अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे मेली. रहस्यकथेला याहून मोठा विषय कोणता? येथे प्रेत आहे, खोटा शिक्का आहे, गहाळ झालेली फाईल आहे, आणि सर्वांना ठाऊक असूनही कोणी उच्चारत नाही असे नाव आहे.

हा विषय घेऊन आपला कल्पिलेला लेखक लिहायला बसला असे समजा. त्याने धैर्याने लिहिलेही. मग तिसरा आठवडा येतो आणि शंभर प्रतींचे पैसे उभे करायचे असतात. चौथ्या आठवड्यात सभागृह हवे असते. कोणी हितचिंतक सांगतो, अमुक शेठ साहित्यप्रेमी आहेत, ते दोनशे प्रती घेतील, सभागृहाचेही पाहतील. फक्त प्रमुख पाहुणे म्हणून त्यांना बोलवावे. शेठ बांधकाम व्यवसायातले असतात. त्यांनी एक पानही कापायला सांगितलेले नसते, त्यांनी पुस्तक वाचलेलेही नसते. तरीही मुद्रिते छापखान्यात परत जाताना बिल्डरचा तस्कर होतो, नगररचना कार्यालयाचे परदेशातील बँक होते, आणि खलनायक कोठल्या तरी आंतरराष्ट्रीय टोळीचा म्होरक्या बनतो. वाचकाला एक चमचमीत पुस्तक मिळते. त्याच्या स्वतःच्या इमारतीच्या खांबात लोखंड किती आहे हे विचारणारे पुस्तक मात्र मिळत नाही. सेन्सॉरची कात्री दिसते, तिच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. आणीबाणीत समाजवाद्यांनी ती लढाई लढली. ही कात्री मात्र शालीखाली असते. जो खर्च उचलतो तो खलनायक ठरवतो, आणि हे ठरवून घेण्यासाठी त्याला तोंडातून शब्दही काढावा लागत नाही.

यावर शासनाचे उत्तर ठरलेले आहे: पुरस्कार. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ढोल वाजले, फलक लागले. अभिजातता भूतकाळाला मिळते. भाषा मात्र आज रात्री लिहिणाऱ्याच्या बळावर उद्या जगते. साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देण्याची योजना आहे, ती चांगलीच आहे. पण दुसऱ्या पुस्तकाचे काय, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला होता. १९६९ साली ते गेले तेव्हा त्यांचे दारिद्र्य त्या पुरस्काराने हटवलेले नव्हते. पुरस्कार ही कृपा आहे, मोबदला हा हक्क आहे. पहिल्याने दुसऱ्याची जागा घ्यावी ही सरंजामी रीत लोकशाहीत चालवून घेऊ नये.

आणि दोष केवळ सरकारचा व बाजाराचा कसा म्हणावा? परिवर्तनवादी चळवळीतील माणसेही लेखकाला भेटल्यावर पहिली मागणी करतात ती सप्रेम भेटप्रतीची. शिबिरात त्याचे व्याख्यान ठेवतात आणि प्रवासखर्च विचारायला विसरतात. बिडी कामगाराची, मोलकरणीची, ऊसतोड मजुराची संघटना बांधणाऱ्या कार्यकर्त्याला लेखनिक श्रम हे श्रम वाटत नाहीत, कारण ते घरात बसून, पंख्याखाली होतात. या समजुतीचा त्याग केल्याशिवाय पुढील कार्यक्रमाला अर्थ नाही.

तो कार्यक्रम तीन कलमांचा असावा. पहिले कलम कायद्याच्या अंमलबजावणीचे. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यान्वये हक्कांचे हस्तांतर लेखी व स्वाक्षरीचे असल्याशिवाय वैध ठरत नाही. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, तो लेखकाकडे परत येतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. अर्नाळकरांच्या कथांवरील हक्क २०५६ पर्यंत जिवंत आहे. आज ध्वनिपुस्तके आणि चित्रमालिका रहस्यकथांच्या शोधात फिरत असताना या कलमांना फार मोल आले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटाच्या गीतकारांना व संगीतकारांना स्वामित्वशुल्काचा न सोडता येणारा हक्क मिळाला, तो ते संघटितपणे झगडले म्हणून. अमेरिकेत २०२३ साली चित्रपट-दूरदर्शनचे लेखक १४८ दिवस संपावर राहिले आणि करार घेऊनच उठले. पक्षाच्या प्रत्येक तालुका शाखेत कामगारांसाठी कायदा सल्ला केंद्र चालते, तेथे लेखकाचा करारही वाचून दिला जावा.

दुसरे कलम ग्रंथालयांचे. रहस्यकथा विकत घेणाऱ्यांपेक्षा वाचनालयातून नेऊन वाचणारे नेहमीच अधिक होते. एक प्रत पन्नास हातांतून जाते आणि लेखकाला एकाच प्रतीचे मानधन मिळते. वाचकाकडून एक पैसाही न घेता यावर उपाय करता येतो. डेन्मार्कने १९४६ साली, ब्रिटनने १९७९ च्या कायद्याने तो केला: ग्रंथालयातून पुस्तक वाचायला दिले जाते, त्याबद्दल लहानसा मोबदला सरकारी निधीतून लेखकाला. ब्रिटनमध्ये एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांहून अधिक मिळत नाहीत, त्यामुळे सारा निधी चार लोकप्रिय नावांच्या घशात जात नाही. समाजवादी वाटपाचे तत्त्व याहून निराळे काय असते? महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अकरा-बारा हजार अनुदानित ग्रंथालये आहेत. त्यांच्या देवघेव नोंदवह्यांत या मोबदल्याचा हिशेब तयारच पडला आहे. केवळ राजकीय इच्छा हवी.

तिसरे कलम सहकाराचे. १९४५ साली केरळच्या लेखकांनी कोट्टायम येथे साहित्य प्रवर्तक सहकारी संघ स्थापन केला आणि भरभराटीच्या काळात लेखकाला तीस टक्के मानधन देऊन दाखवले. ज्या महाराष्ट्राने साखर आणि दूध सहकारात आणले, त्याला पुस्तक आणता येऊ नये, हे पटण्याजोगे नाही. साखर कारखान्यांचे पुढे काय झाले ते ठाऊक असणाऱ्यांनीच ही संस्था कोणाच्या हाती जाऊ द्यायची नाही याचे नियम आधी लिहावेत.

हे होईपर्यंत वसई, नालासोपारा, विरार येथील शाखांना एक काम उद्यापासून करता येईल. परिसरातील कोणा लेखकाचे पुस्तक निघणार असेल, तर शाखेच्या सभासदांनी शंभर प्रतींची आगाऊ नोंदणी पूर्ण किमतीने करावी, शाळेचा वर्ग किंवा युनियनचे कार्यालय समारंभाला द्यावे, आणि व्यासपीठावर पाहुणा म्हणून त्या कोसळलेल्या इमारतीतून वाचलेल्या माणसाला बसवावे. शेठजींना निमंत्रण अवश्य धाडावे. त्यांनी तिकडच्या रांगेतून प्रत विकत घ्यावी आणि घरी जाऊन, शेवटच्या प्रकरणात खलनायक कोण निघतो ते वाचावे.